दत्तक आणि गंगा

कुळ रक्तानेच चालते, हाच निसर्गनियम, असे म्हणणाऱ्यांनी काशीच्या अमृतराव घाटावर उभे राहावे. अमृतराव पेशवे हे राघोबादादांचे दत्तकपुत्र. समोरची गंगा प्रयागला यमुनेस पोटात घेऊन येते. तिच्या पाण्यातले औरस कोणते नि दत्तक कोणते, हे कोणी निवडून दाखवावे! प्राचीन धर्मशास्त्रानेही दत्तकास पुत्र मानून पिंडदानाचा अधिकार दिला. दादांचे औरस पुत्र दुसरे बाजीराव. त्यांनीही ह्याच गंगेकाठी, बिठूरला, नानासाहेबांना दत्तक घेतले. १८५१ साली बाजीराव वारले आणि त्यांचे वार्षिक वेतन नानासाहेबांना नाकारले गेले, ते कंपनी सरकारकडून. रक्ताचा हट्ट खजिन्याच्या हिशेबातून जन्मतो; तो निसर्गाच्या माथी मारू नये.