पार्टनर गेला, किराया राहिला!

अभियांत्रिकीच्या प्रवेशफेऱ्या आटोपल्या, की बडनेऱ्याच्या नव्या वस्तीत आणि अंजनगाव बारी रस्त्याच्या आसपास किरायाच्या खोल्यांचा शोध सुरू होतो. येथील प्रा. राम मेघे अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ सालचे. अमरावती विद्यापीठ आणि महापालिकाही त्याच वर्षीची. मुंबई-हावडा मार्गावरचे जंक्शन असल्याने अकोला, वाशीम, बुलडाण्याकडची मुले येथे सहज उतरतात. एकट्याला घर परवडत नाही, म्हणून तिघे-चौघे मिळून घेतात. पहिल्या सहामाहीत सारे सुरळीत चालते. मग खटके उडू लागतात आणि एके दिवशी एक जण गादी गुंडाळून चालता होतो.

समजा, चौघांनी महिना आठ हजार रुपयांचे घर अकरा महिन्यांसाठी घेतले. डिपॉझिट सोळा हजार, म्हणजे प्रत्येकी चार हजार. सहाव्या महिन्यात एक जण निघाला. तो म्हणतो, माझे चार हजार परत द्या. घरमालक म्हणतो, मला दर महिन्याला पूर्ण आठ हजार हवेत. उरलेले तिघे म्हणतात, आम्ही आमच्या वाट्याचे सहाच देऊ. तिघांनाही आपापली बाजू न्यायाची वाटते. कायद्याच्या दृष्टीने मात्र या तिघांत घरमालकाची बाजू सर्वांत भक्कम आहे, आणि नेमके हेच बहुतेक विद्यार्थ्यांना ठाऊक नसते.

भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याच्या कलम ४३ नुसार, अनेकांनी मिळून एकच वचन दिले असेल आणि करारात वेगळे काही ठरलेले नसेल, तर संपूर्ण वचनाची पूर्तता त्यांपैकी कोणाही एकाकडून मागता येते. म्हणजे आठही हजार घरमालक उरलेल्या तिघांकडून, किंबहुना एकट्याकडूनही मागू शकतो. ज्याने जास्त भरले त्याला इतरांचा हिस्सा त्यांच्याकडून वसूल करता येतो. गेलेला पार्टनरही त्यातून सुटत नाही. घरमालकाने त्याला 'तू मोकळा' असे म्हटले, तरी कलम ४४ प्रमाणे उरलेल्यांची जबाबदारी संपत नाही आणि त्यांच्याबाबतची गेलेल्याची जबाबदारीही संपत नाही. ती संपते मुदत संपल्यावर, करारातील नोटिशीच्या अटीनुसार घर सोडल्यावर, किंवा घरमालकाने नव्या पार्टनरला मान्यता देऊन नवा करार केल्यावर. डिपॉझिटचेही तेच. ते घराच्या ताब्यापोटी दिलेले असते, तेव्हा करारात तशी अट नसेल तर मध्येच आपला चौथा हिस्सा मागण्याचा हक्क सांगता येत नाही. नव्या पार्टनरने जुन्याचे चार हजार चुकते करायचे, हा रूढ तोडगा व्यवहाराला धरूनच आहे.

पण हे सारे चौघांचीही नावे करारात आहेत असे धरून झाले. प्रत्यक्षात कागदावर बहुधा एकाचीच सही असते आणि बाकीचे त्याच्या भरवशावर राहतात. तो सही करणाराच भांडून निघून गेला तर? लीव्ह अँड लायसन्स म्हणजे भाडेपट्टा नव्हे. ती वापरण्याची केवळ परवानगी. ती व्यक्तीपुरती असते, एकाकडून दुसऱ्याकडे आपोआप जात नाही. शिवाय महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचे कलम २४ लेखी लायसन्स कराराला त्यात नमूद गोष्टींचा निर्णायक पुरावा मानते. अशा वेळी 'आम्हीही दरमहा पैसे देत होतो' हे म्हणणे घरमालकापुढे लंगडे पडते. आपसांतील हिशेबासाठी मात्र फोनवरून पाठविलेल्या पैशांच्या नोंदी आणि संदेश उपयोगी पडतात, कारण तोंडी करारही करारच असतो. ते पुसून टाकू नयेत.

म्हणून घरमालकाने रात्रीतून कुलूप बदलावे आणि सामान ओट्यावर काढून ठेवावे, असे मुळीच नाही. ताब्यात स्थिर असलेल्या माणसाला, त्याला राहण्याचा हक्क नाही असे गृहीत धरले तरी, मालकाने कायद्याच्या मार्गानेच काढले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये स्पष्ट केले आहे. बळजबरीने ताबा गेल्यास सहा महिन्यांच्या आत दावा करून तो परत मिळविण्याची सोय १९६३ च्या स्पेसिफिक रिलीफ कायद्यात आहे. ज्यांचा लायसन्स रद्द झाला, त्यांनाही घर सोडून सामान हलविण्यास वाजवी मुदत मिळते. १८८२ चा सुखाधिकार कायदा तसे सांगतो.

अकरा महिन्यांच्या कागदाविषयीचा गैरसमज तर सार्वत्रिक आहे. वर्षभराच्या आतील करार नोंदवावा लागत नाही, नोटरीचा शिक्का पुरे, असे आजही छातीठोकपणे सांगितले जाते. ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ ने ही पळवाट बंद केली. करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा; तो नोंदविण्याची जबाबदारी घरमालकाची. न नोंदविल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय अटींबाबत वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य. कागद टाळणारा घरमालक असा स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतो.

मग तो टाळतो का? वऱ्हाडात याला जुना इतिहास असावा. येथे १९४९ चा सी. पी. अँड बेरार भाडे नियंत्रण आदेश होता आणि भाडेकरूस घर खाली करण्याची नोटीस देण्याआधी रेंट कंट्रोलरची परवानगी घ्यावी लागे. किरायेदार एकदा शिरला की निघत नाही, ही धास्ती त्या काळाची. नव्या कायद्याने तो आदेश रद्द केला, धास्ती मात्र वारशाने पुढे आली. कागदावर जितकी नावे कमी तितकी डोकेदुखी कमी, असा हिशेब त्यातूनच होत असावा. तो चुकीचा आहे. चार सह्या म्हणजे वसुलीसाठी चार माणसे.

करोनाच्या वेळी, २०२० मध्ये, पार्टनरच काय, अख्ख्या खोल्या रिकाम्या झाल्या. राज्याच्या गृहनिर्माण विभागाने १७ एप्रिलला भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकलण्याच्या आणि थकबाकीसाठी कोणाला घराबाहेर न काढण्याच्या सूचना दिल्या. भाडे लांबणीवर पडले होते, माफ झाले नव्हते. घरी गेलेल्या पार्टनरचा वाटा कोणी भरायचा, याचे उत्तर त्या सूचनांतही नव्हते. ते पुन्हा १८७२ च्याच कायद्यात शोधावे लागणार होते.

बाजारातल्या छापील करारनाम्यात भिंतीला खिळे ठोकू नयेत हे असते, पण एक जण मध्येच गेला तर काय, हे बहुधा नसते. त्याने किती दिवस आधी सांगायचे, बदली पार्टनर कोणी आणायचा, तोवर त्याचा वाटा कोणी भरायचा, डिपॉझिट कोणी कोणाला द्यायचे, एवढे चार मुद्दे चौघांनी साध्या कागदावर लिहून सह्या केल्या तरी निम्मे तंटे मिटतील. सही करणारा अठरा वर्षांचा झालेला असावा. प्रथम वर्षाला सतरा वर्षांची मुलेही असतात आणि अज्ञानाने केलेला करार १९०३ च्या प्रिव्ही कौन्सिलच्या निर्णयापासून रद्दबातल मानला जातो. तेथे वडिलांची किंवा आईची सही घ्यावी.

आणि वाद झालाच, तर चार हजारांसाठी वकील कोण लावणार, हा प्रश्न खराच. अशा प्रकरणांसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. दावा दाखल होण्यापूर्वीच तो लोकअदालतीपुढे ठेवता येतो आणि तेथील तडजोडीला न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते. १९८७ च्या कायद्यानुसार महिलांना, तसेच अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना, उत्पन्न कितीही असले तरी तेथे मोफत विधी सहाय्य मिळते. बडनेऱ्यात खोली करून राहणाऱ्या प्रत्येक मुलीला हा हक्क आहे. इतरांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे, पण शिकणाऱ्या अनेक मुलांची घरे तिच्या आत बसतात.