आरसे काढायचे की नाही?

मंडळी, सत्तरी ओलांडलेल्या मास्तराने मोटरसायकलच्या ट्रॅकबद्दल काय लिहावं, असं काही जणांना वाटेल. पण गेले दोन महिने आमच्या घरात हाच एक विषय चालू आहे. दोन्ही पक्षांचे लोक हा ब्लॉग वाचतात, तेव्हा माझं मत इथेच लिहून टाकतो. प्रत्येकाला फोनवर वेगवेगळं सांगत बसायला नको.

नातवाकडे (धाकट्या लेकीचा मुलगा) २०१७ सालची केटीएम आरसी ३९० आहे. ३७३ सीसीची, आपल्या चाकणलाच बनलेली. रोज तिच्यावरून हिंजवडीला नोकरीला जातो. मागच्या वर्षी तो चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर दोन दिवस शिकून आला, आणि तेव्हापासून आपली गाडी कायमची 'ट्रॅकची' करायची हे त्याच्या डोक्यात बसलं आहे. जावईबापू म्हणतात, गाडीच विकून टाका.

आधी जावईबापूंच्या भीतीबद्दल. ती खरी आहे, पण जागा चुकली आहे. ट्रॅकवर सगळे एकाच दिशेने जातात. समोरून एसटी येत नाही, म्हैस आडवी येत नाही, कडेला दगडी कठडा नसतो. कोणी पडला तर झेंडा दाखवून मागच्यांना सावध करतात, आणि रुग्णवाहिका उभीच असते. मला विचाराल तर रविवारी पहाटे ताम्हिणी घाटात जी पोरं वळणं मारतात, त्यांची धास्ती जास्त. आमचा नातू त्यांच्यात होता, हे आता लपवण्यात अर्थ नाही. मद्रासहून आल्यापासून तो घाटात गेलेला नाही. "तिथे जे केलं ते रस्त्यावर करणं म्हणजे वेडेपणा आहे, आबा," हे त्याचेच शब्द. तेव्हा ट्रॅक बंद करून आपण त्याला कुठे पाठवतो आहोत, याचा विचार व्हावा.

(आमच्या कॉलेजच्या दिवसांत शर्यत म्हणजे शोलावरम. मद्रासजवळची लष्करी धावपट्टी. येझदीवाले मित्र त्या नावाने नुसते भारावून जात. असो.)

आता नातवाचं. त्याने केलेली यादी मी पेन्सिल घेऊन वाचली. सवयच ती. हेडलाइट, आरसे, नंबरप्लेट काढायची. या गाडीचे पुढचे इंडिकेटर आरशांतच आहेत, म्हणजे आरशांबरोबर तेही गेले. साइड स्टँड काढायचा. मग हिंजवडीच्या पार्किंगमध्ये गाडी कशाला टेकवणार, भिंतीला? हँडल खाली, पाय ठेवायच्या दांड्या वर आणि मागे. ट्रॅकवर वाकायला ते छान, वाकडच्या सिग्नलला मनगटं भरून येणार. टायर तर ट्रॅकचेच हवेत म्हणतो. ते तापल्याशिवाय धरत नाहीत, आणि खाचाच नसलेला टायर ओल्या रस्त्यावर पाणी बाजूला सारत नाही. आपल्याकडे पाऊस चार महिने असतो.

यावर त्याचं उत्तर, "सोमवारी परत सगळं बसवीन." हे मला अजिबात पटत नाही. दर वेळी तेच बोल्ट उघडा, तेच आवळा. ॲल्युमिनियममधले आटे किती दिवस टिकणार? आणि एखाद्या सोमवारी कंटाळा येणारच. मग बिनआरशाची गाडी चांदणी चौकात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ गाडीत मनमानी बदल करू देत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. विम्याची पॉलिसी मी बारीक अक्षरांसकट वाचली. त्यात संघटित शर्यत आणि वेगचाचणी स्पष्ट वगळलेली आहे.

माझा खरा आक्षेप साध्या हिशेबाचा आहे. वर्षातून ट्रॅकवर जाणार फार तर चार-सहा दिवस, ऑफिसला अडीचशे. चार दिवसांसाठी अडीचशे दिवसांची गाडी मोडायची नाही.

मग काय करावं? यंदा आहे तीच गाडी न्यावी. पेट्रोल काढून रेल्वेने पार्सल करता येते. तिथे पोचल्यावर दिव्यांना चिकटपट्टी, त्या दोन दिवसांपुरते आरसे खाली, ब्रेकचं ऑइल नवं, टायर चांगले. एवढ्यावर शिकता येतं. पैसे आधी कातडी सूट, बूट, हातमोजे आणि चांगल्या हेल्मेटवर घालावेत. दोन वर्षांनी हौस टिकली, तर एखादी पडलेली, प्लास्टिक फुटलेली पण चौकट सरळ असलेली जुनी गाडी घ्यावी आणि ती मात्र पुरती सोलावी. ती पुन्हा रस्त्यावर आणायची नाही. टेम्पोतून जाईल, टेम्पोतून येईल.

सूटचे अर्धे पैसे मी पेन्शनमधून देणार आहे. लेकीला सांगून झालंय. जावईबापू, हे वाचून तुमचा फोन येणार हे ठाऊक आहे. सहानंतर करा, दुपारी मी झोपलेला असतो.