वल्हे कोणाच्या हाती?

नौकानयन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मोठ्या शहरातला बोट क्लब, त्याचे ऐटदार सभासद आणि पाण्यावर सरसरत जाणाऱ्या निमुळत्या नावा उभ्या राहतात. ‘हा खेळ आपला नव्हे’ असे म्हणून आपण कबड्डीच्या मैदानाकडे वळतो. कबड्डीला मी नावे ठेवत नाही. परंतु हा खेळ आपला नव्हे हे ठरवले कोणी, याचा विचार आपण कधी करत नाही. तो करावा, एवढ्यासाठीच हा लेख.

एके काळी हे चक्क नियम करून ठरवले जात असे. इंग्लंडमधील हेन्ली येथील नौकास्पर्धा जगप्रसिद्ध आहे. १८७९ साली तेथे असा नियम झाला की, जो कारागीर किंवा मजूर म्हणून मजुरीवर राबला असेल त्याला हौशी खेळाडू मानू नये. म्हणजे ज्याचे दंड कामाने बळकट झाले, त्यानेच वल्हे हाती धरू नये! १९२० साली जॉन केली या अमेरिकन खेळाडूचा प्रवेश हेन्लीने नाकारला. त्याच्या क्लबवर जुनी बंदी होती हे एक कारण, आणि त्याने गवंडीकाम केले होते हे दुसरे. त्याच वर्षी अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये या गवंड्याने एकेरी नौकानयनाचे सुवर्णपदक मिळवले. पुढे १९३७ मध्ये तो नियम रद्द झाला. १९४७ साली केलीच्याच मुलाने हेन्लीची ती शर्यत जिंकली.

आज असा नियम कोठेही लिहिलेला नाही. पण नियमाचे काम आता पैसा आणि अंतर करतात. शर्यतीची एकेरी नाव सुमारे आठ मीटर लांब, जेमतेम फूटभर रुंद आणि वजनाला अवघी चौदा किलोंच्या आसपास असते. अशी परदेशी बनावटीची नाव लाखांच्या घरात जाते. ती ठेवायला शेड हवी, सोबतीला सुरक्षा होडी हवी, शिकवणारा हवा. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा (आता त्याचे विद्यापीठ झाले आहे) बोट क्लब १९२८ पासून आहे आणि तेथील रेगाटाची परंपरा अभिमान वाटावी अशीच आहे. परंतु तेथे वल्हे हाती यायचे तर आधी तेथील प्रवेश मिळाला पाहिजे. गुणवत्ता यादीत ज्याचे नाव खाली राहिले, त्याचे हात वल्ह्यापर्यंत पोचायचे कसे?

‘खेड्यातल्या मुलांना हा खेळ जमणार नाही’ असे कोणी म्हणेल, तर त्याला उत्तर द्यायला आपल्याच महाराष्ट्राचा दत्तू भोकनळ पुरेसा आहे. नाशिक जिल्ह्यातील चांदवड तालुक्यात तळेगाव रोही हे त्याचे गाव. तो सारा मुलूख दुष्काळी. दत्तूने विहिरी खोदल्या, पेट्रोल पंपावर काम केले आणि २०१२ साली तो सैन्यात भरती झाला. वल्हे त्याच्या हाती आले ते तेथे. पुढे चारच वर्षांनी, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये त्याने दोन हजार मीटरची शर्यत सात मिनिटांच्या आत पुरी केली आणि एकेरीत तो तेरावा आला. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नौकेत त्याने सुवर्णपदक मिळवले. त्याच्याही आधी, २०१० साली ग्वांगझू येथे भारताला नौकानयनातले पहिले आशियाई सुवर्ण मिळवून देणारा बजरंगलाल ताखर हा राजस्थानचा आणि सैन्यातलाच.

नदीकाठच्या शहरांनी जे केले नाही ते कोरड्या मुलखातल्या मुलांनी केले. कारण उघड आहे. या खेळाला लांब हातपाय, बळकट मांड्या आणि दम लागतो. ते आपल्याकडे मुबलक आहे. नाही ती संधी, आणि ती आजवर मुख्यतः एकाच दाराने आली : सैन्याच्या. सैन्याचे उपकार मोठे आहेत. पण जो भरतीत उंचीला किंवा छातीला अर्ध्या इंचाने कमी पडला त्याचे काय? आपल्या वर्गातल्या मुलींचे काय? त्यांच्यासाठी ती वाट तर फारच अरुंद. तेव्हा दुसरे दार उघडायचे असेल तर ते महाविद्यालयांनीच उघडले पाहिजे.

माझे गाव उजनीच्या फुगवट्यावर, करमाळ्याच्या बाजूला आहे. १९८० साली धरण पुरे झाले, भीमाकाठची गावे उठली, आमच्या आजोबांची काळी जमीन पाण्याखाली गेली. वीज झाली, ऊस झाला, कारखाने झाले. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. गावात माझ्या वयाची मुले पहाटे होडी घेऊन जाळी काढायला जातात. दोन-दोन तास वल्हवून ती परत येतात, आणि त्याला कोणी व्यायाम म्हणत नाही की खेळ म्हणत नाही. मैलच्या मैल पसरलेल्या या पाण्यावर शर्यतीची नाव मात्र मी अजून पाहिलेली नाही.

पाण्याशेजारी राहणे आणि पाणी येणे, या गोष्टी वेगळ्या आहेत. मे २०२४ मध्ये कुगावहून कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्यात याच पाण्यात उलटली. एक जण पोहत काठाला लागला आणि सहा जण बुडाले. म्हणून मी नौकानयनाची गोष्ट करतो ती केवळ पदकांसाठी नाही. ज्या गावात हा खेळ येईल तेथे आधी पोहणे येईल, अंगात जॅकेट घालायची सवय येईल, वाऱ्याचा अंदाज घेऊन ‘आज पाण्यात जायचे नाही’ असे म्हणणारा जाणता माणूस येईल.

‘वसतिगृहात धड दूध मिळत नाही आणि तुम्हाला नावा हव्यात!’ असे एका मित्राने मला ऐकवले. त्याचे म्हणणे खोटे नाही. पण शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. ते ज्यांना खेळायला मिळाले त्यांच्यासाठी आहे. ज्या खेळाच्या दारातच आपण उभे राहू शकत नाही, त्या खेळाच्या बळावर आपल्याला नोकरी कशी मिळणार? तेव्हा दूध मागावेच, आणि वल्हेही मागावे.

आणि सुरुवात नावेपासून करायचीही गरज नाही. जमिनीवर वल्हवण्याचे यंत्र असते. ते स्वस्त नाही, पण आसपासच्या चार-पाच कॉलेजांनी मिळून एक घेतले तर शेकडो मुलामुलींची परीक्षा त्यावर होईल. धरणाकाठच्या महाविद्यालयांनी पाटबंधारे खात्याची परवानगी घेऊन एक सामाईक शेड उभारावी. शहरातल्या क्लबांनी बाद केलेल्या जुन्या नावा शिकाऊ मुलांसाठी मागून आणाव्यात. पोहणे शिकवायचे काम राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात घेता येईल. दरवर्षी आपण तोच रस्ता झाडतो, एक वर्ष पाण्यात उतरू. आणि सरावाला येणाऱ्या मुलाच्या एस.टी.चा पास व न्याहारी यांचा खर्च जिमखान्याने उचलावा. नाही तर फुकट नावसुद्धा गरिबाला महागच पडते. घरच्या मजुरीचा एक दिवस बुडवून कोणी वल्हवायला येत नाही.

जिमखान्याची फी आपण सगळेच भरतो. शेतमजुराचा मुलगा भरतो आणि प्राध्यापकांचा मुलगाही भरतो. त्या पैशातून दरवर्षी कोणत्या खेळांचे साहित्य येते आणि ते कितीजणांच्या हाती लागते, हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. येत्या वर्षी जिमखान्याच्या सभेत मी हा ठराव मांडणार आहे. मित्रांनो, त्याला अनुमोदन देण्यासाठी तुम्ही हजर राहा. आणि प्राध्यापक मंडळींनी त्या दिवशी विद्यार्थ्यांच्या बाजूला बसावे, अशी नम्र विनंती आहे.