वजन झाले, पुढे काय?

यवतमाळ शहराला लागून असलेल्या लोहाऱ्याची ओळख बाहेरच्या लोकांस तेथील औद्योगिक वसाहतीमुळे आहे. कारखान्यातून निघणारा माल काट्यावर चढतो, आणि वजनात तूट आली तर त्याच दिवशी कोणास तरी जाब द्यावा लागतो. अंगणवाडीतही काटा आहे. त्यावर लहान मुलाचे वजन होते, वहीत व आता भ्रमणध्वनीवर त्याची नोंद होते. परंतु तेथे तूट आली असता जाब कोणी कोणास विचारावयाचा, हा प्रश्न अद्याप अनुत्तरित आहे. आज आम्ही त्याच प्रश्नाकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

प्रश्न केवळ लोहाऱ्याचा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील कमी वजनाच्या बालकांचे प्रमाण 2015-16 मध्ये शेकडा 36 होते. 2019-21 च्या पाहणीत ते 36.1 भरले. म्हणजे काटा जागचा हललाच नाही. उंचीच्या मानाने अतिशय रोड असलेल्या बालकांचे प्रमाण तर 9.4 वरून 10.9 वर गेले. आणि ह्याच काळात फाजील वजनाच्या बालकांचे प्रमाण 1.9 वरून 4.1 झाले, म्हणजे दुपटीहून अधिक. एकाच राज्यात, कित्येकदा एकाच आळीत, एक मूल वाळत आहे आणि दुसरे अवेळी सुजल्यासारखे फुगत आहे.

अशा मुलाची आई मदत मागावयास का जात नाही, असे शहाणे लोक विचारतात. आमच्या मते ती जाते; पण योग्य दारी पोहोचत नाही. मुलास वजनावर ठेवले की दृष्ट लागते, असे घरातील वडीलधारी माणसे सांगतात. ‘आमच्या घराण्यात सगळे असेच किडकिडीत’ असे म्हणून सासू समजूत घालते. शेजारीण शक्तिवर्धक भुकटीचा डबा सुचविते, आणि दिवसभराच्या मजुरीतला मोठा हिस्सा त्या डब्यात जातो. ह्या सर्वांच्या मुळाशी एक लाज आहे : मुलाचे वजन कमी म्हणजे आईचा हलगर्जीपणा. ही समजूत जितकी क्रूर तितकीच खोटी आहे. वेचणीच्या दिवसांत पहाटे शेतावर जाणारी स्त्री तान्ह्याला दर दोन-तीन तासांनी ऊन ऊन घास भरवू शकत नाही. हा दोष तिचा नव्हे, तिच्या दिनक्रमाचा आहे. वारंवार होणारी हगवण, अस्वच्छ पाणी, आईचेच रक्त कमी असणे, अडीच किलोहून कमी वजनाने झालेला जन्म, अशी कारणे एकात एक गुंतलेली असतात.

मातापित्यांनी ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी थोड्या आहेत. निरोगी बालकाचे जन्मवजन साधारण पाचव्या-सहाव्या महिन्यात दुप्पट व वर्षाअखेर तिप्पट होते. एखाद्या महिन्याच्या आकड्यापेक्षा ओळीने दोन-तीन महिने वजन न वाढणे ही अधिक गंभीर सूचना होय. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरहून कमी भरला, किंवा दोन्ही पायांवर सूज आली, तर भुकटीच्या डब्याची नव्हे, डॉक्टरांची गरज आहे, आणि तीही विनाविलंब.

आता सरकारकडे वळू. 2 ऑक्टोबर 1975 रोजी देशातील 33 प्रकल्पांत एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. तिला अर्धशतक होऊन गेले. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने तर कुपोषित बालके अंगणवाडीमार्फत शोधून त्यांना विनामूल्य आहार देणे हे राज्य सरकारचे कर्तव्यच ठरविले. त्या आहारात रोज 800 कॅलरी व 20 ते 25 ग्रॅम प्रथिने असावीत असे प्रमाणही घालून दिले. तेव्हा मदत मागणारी आई भिक्षा मागत नसून आपल्या मुलाचा हक्क मागत असते, हे प्रथम तिला आणि नंतर कार्यालयांना कळले पाहिजे.

अतितीव्र कुपोषित व आजारी बालकासाठी पोषण पुनर्वसन केंद्राची व्यवस्था आहे. तेथे साधारण 14 दिवस मुलासह राहावे लागते. आईच्या बुडीत मजुरीपोटी रक्कम देण्याचीही तरतूद आहे. पण घरी दुसरे मूल, हंगाम ऐन भरात, आणि मजुरीची रक्कम हाती केव्हा पडेल ह्याची शाश्वती नाही. अशा स्थितीत कोणती आई चौदा दिवस घर सोडील? कागदावरची तरतूद आणि आईचा निर्णय ह्यांमधील हे अंतर अंगणवाडी सेविकेने एकटीने भरून काढावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे. नोंदी, सर्वेक्षणे व सभा ह्यांतच तिचा दिवस सरतो.

फाजील वजनाच्या मुलाविषयी दोन शब्द. गुटगुटीत बाळाचे कौतुक आपल्या अंगवळणी पडले आहे. म्हणून त्या मुलासाठी मदत मागावी हे कोणाच्या मनातही येत नाही. अशा मुलास उपाशी ठेवणे हा उपाय नव्हे. पाच रुपयांचे तळलेले पुडे व गोड पेये बंद करणे, भाकरी, वरण व भाजी ह्यांकडे परतणे, जेवताना समोरचा पडदा दूर ठेवणे आणि डॉक्टरांकडून उंची-वजन तपासून घेणे, हा खरा मार्ग आहे. आणि त्या मुलास चिडविणे सर्वांनी थांबवावे. वर्गात शिकविलेल्या आम्हांस ठाऊक आहे की, ‘ढोल्या’ आणि ‘काडी’ ह्या दोन हाका मुलास फळ्यापासून सारख्याच दूर नेतात.

आमची मागणी साधी आहे. दर महिन्याचे वजन आईला तिच्या भाषेत, तोंडी व लेखी सांगावे. वजन थांबलेल्या मुलाच्या नावापुढे पुढील जबाबदारी कोणाची, हे लिहावे. केंद्रात दाखल होणाऱ्या आईला मजुरीची रक्कम तेथून निघण्यापूर्वी मिळावी. यवतमाळात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. लोहाऱ्यासारख्या हाकेच्या अंतरावरील वस्तीत तरी मुलाला तेथपर्यंत नेणारा माणूस मिळू नये, ह्याला कोणतीही सबब चालणार नाही. वजन करणे हा उपचार नव्हे. ती केवळ सूचना आहे. सूचना मिळूनही जो हलत नाही, त्याच्यावर मुलाच्या तुटीचा हिशेब मांडला जाईल तेव्हाच काटा हलेल.