मामू, मीही इथं बाहेरचाच



इंदापूरच्या आमच्या बहिणीचा फोन आला की विषय ठरलेला असतो. तिचा मुलगा जेवला का, झोपला का, थंडी किती आहे? इंदापुरात वाढलेला, कॉलेजसाठी बारामतीला आमच्याच घरी राहिलेला हा पोरगा दीड वर्षापूर्वी दक्षिण कोरियातल्या देगू शहरात पुढच्या शिक्षणाला गेला. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढं. आम्ही फजर पढून चहा घेतो, तेव्हा तो वर्गाला निघालेला असतो.

आपल्यातली बरीच मुलं आता परदेशी जातात, म्हणून त्याच्याकडून कळलेलं थोडं सांगतो.

पहिलं काम कागदाचं. 90 दिवसांपेक्षा जास्त राहायचं असेल, तर तेवढ्या मुदतीच्या आतच इमिग्रेशन कार्यालयात नोंदणी करावी लागते. त्यानंतर मिळणाऱ्या कार्डाशिवाय बँक, मोबाइल अशी रोजची कामं अडतात. विद्यार्थ्यालाही सरकारी आरोग्य विम्याचा हप्ता भरावा लागतो, खर्चाचा हिशोब करताना तो धरावा. परदेशी माणसाला माहिती हवी असेल तर 1345 आणि ॲम्ब्युलन्ससाठी 119, हे दोन नंबर बहिणीनं इथं भिंतीवर लिहून ठेवलेत. त्यांचा तिथं काही उपयोग नाही, पण तिला बरं वाटतं.

दुसरं जेवण. साध्या दिसणाऱ्या नूडल्सच्या पाकिटातही डुकराचा अंश असू शकतो. कोरियन लिपीची मूळ अक्षरं फक्त 24. पोरानं ती आठवड्यात गिरवली आणि आधी ‘द्वेजी’, म्हणजे डुक्कर, हा शब्द वाचायला शिकला. भात, अंडी, मासळी आणि अम्मीनं दिलेली शेंगदाण्याची चटणी यावर सुरुवातीचे दिवस निघाले.

तिसरा कचरा. तिथं 1995 पासून कचऱ्यासाठी ठरावीक पिशव्या विकत घ्याव्या लागतात. खरकटं वेगळं, बाटल्या वेगळ्या, कागद वेगळा. यानं दुकानातून मिळालेल्या साध्या पिशवीत सगळं भरून खाली ठेवलं. सकाळी पिशवी तिथंच, वर एक चिठ्ठी चिकटवलेली. चिठ्ठी वाचता येईना. तळमजल्यावरच्या एका आजीबाईंनी ते पाहिलं, हाताला धरून दुकानात नेलं, बरोबर पिशवी दाखवली. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. त्या दिवशी फोनवर पोराचा आवाज पहिल्यांदा मोकळा वाटला.

सगळे शेजारी असे नसतात. याच देगूत मुस्लिम विद्यार्थ्यांनी मशीद बांधायला घेतली, तेव्हा काही रहिवाशांनी विरोध केला. 2021 मध्ये काम थांबवलं गेलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 2022 मध्ये निकाल बांधकामाच्या बाजूनं लागला. तरीही जागेजवळ डुकराची मुंडकी ठेवण्याचे प्रकार झाले. त्याच देशातले काही लोक मात्र या विद्यार्थ्यांच्या बाजूनं उभेही राहिले.

हे सगळं लिहायचं खरं कारण वेगळं आहे. गेल्या वर्षी आमची वरची खोली रिकामी होती. एमआयडीसीत काम करणारा बिहारचा एक मुलगा बायकोला घेऊन विचारायला आला. आम्ही दारातूनच ‘खोली द्यायची नाही’ म्हणून सांगितलं. बाहेरचे लोक, ओळख ना पाळख, एवढंच मनात होतं. संध्याकाळी भाच्याशी बोलताना सहज ते सांगून गेलो. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “मामू, मीही इथं बाहेरचाच आहे.”

चार दिवसांनी आम्ही त्या मुलाचा पत्ता काढला. तो काटफळच्या बाजूला पाच जणांच्या खोलीत राहायला गेला होता आणि बायकोला गावी परत पाठवलं होतं. आम्ही खोली देऊ केली. तो हसून म्हणाला, “अब रहने दीजिए चाचा.”

पुण्यात नाव ऐकून घर नाकारलं गेल्याचं दुःख आपल्यापैकी अनेकांनी सोसलंय. आपल्याकडं हंगामात बीडकडून ऊसतोडीला येणारी कुटुंबं कोप्यांत राहतात, कारखान्यांत परराज्यातली पोरं येतात. शेजाऱ्याच्या हक्काचं बयान आपण मशिदीत ऐकतो आणि घरी येऊन दार लावतो. आम्हीही तेच केलं.

आता वरच्या खोलीत ओडिशाचं एक जोडपं राहतं. पहिल्या दिवशी आमच्या घरातून त्यांना पाण्याची वेळ, घंटागाडीची वेळ आणि जवळच्या दवाखान्याचा रस्ता सांगितला. एवढ्याला दहा मिनिटं लागली.

तुमच्या गल्लीतही कुणी नवं आलं असेल. या आठवड्यात एकदा त्यांचं दार वाजवून बघा.