केळीच्या कंदातील शिल्लक

केळीच्या बागेची परीक्षा बहुधा पानांवरून केली जाते. रावेर, यावल, चोपडा या तालुक्यांत किंवा धुळे जिल्ह्यातील शिरपूरकडे मुनवे निवडतानाही रुंद पानांची, टवटवीत पिले पसंत करणारे काही शेतकरी आढळतात. ही निवड चुकीची होय.

पान सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने हवेतील कर्बवायू व मुळांनी आणलेले पाणी यांपासून साखर तयार करते. तिच्यापैकी जी तत्काळ खर्च होत नाही, तिचा काही भाग पिष्टाच्या रूपाने जमिनीखालील कंदात साठतो. नवी मुळे फुटेपर्यंत मुनव्याला या शिलकीवरच जगावे लागते. तलवारीसारख्या अरुंद पानांचा मुनवा आईच्या कंदाला घट्ट जोडलेला असतो व तिच्या आधाराने बुडाशी भरतो. रुंद पानांच्या पिलाला तेथून फारसे मिळत नाही, म्हणूनच ते लवकर पाने पसरते आणि त्याचा कंद लहान राहतो. तेव्हा पाने न पाहता कंद हातात घ्यावा. तो निरोगी व अर्धा ते पाऊण किलो वजनाचा असावा. टिश्यूकल्चरच्या रोपाजवळ एवढी शिदोरी नसते, हे ओळखून त्याला आरंभापासून पाणी व खत थोडे थोडे पण नियमित द्यावे.

साठवणीचे प्रकार निरनिराळे आहेत. भुईमुगाचा दाणा तेल साठवतो. एक ग्रॅम पिष्टातून सुमारे ४ उष्मांक मिळतात, तर तेवढ्याच तेलातून ९. म्हणून इवल्याशा दाण्यात पुष्कळ शक्ती मावते. गाय चरबी साठवते, आणि व्याल्यानंतर दुधावाटे जाणारी शक्ती चाऱ्यातून भरून निघेनाशी झाली की ती चरबी खर्ची पडून गाय रोडावते. तिला त्या वेळी खुराक वाढवून देणारा शेतकरी केळीच्या बाबतीत मात्र हात आखडतो, हे नवलच म्हणावयाचे.

पिलबाग घेताना घड उतरताच आईचे खोड जमिनीलगत तोडण्याची घाई केली जाते. शेत मोकळे दिसते हे खरे. परंतु त्या खोडातील व कंदातील अन्नरस पिलाच्या कामी यावयाचा असतो. खोड वरून टप्प्याटप्प्याने कापावे. निसवणीपूर्वी येणारी पिले मात्र वेळीच काढावीत, कारण ती घडाच्या वाट्याचे अन्न घेतात. ज्या बागेत कंद पोखरणाऱ्या सोंडकिड्याचा उपद्रव असेल, तेथे खोडाचे बुंधे राखू नयेत. कंदासह ते उपटून नष्ट करावेत आणि त्या बागेतील मुनवे इतरांनी लागवडीस नेऊ नयेत.