जुन्या जीपचे वय कशावरून मोजायचे?

१ जुलै २०२५ रोजी राजधानीतील पेट्रोल पंपांवर जुन्या गाड्यांना इंधन नाकारण्याची मोहीम सुरू झाली आणि अवघ्या दोन-तीन दिवसांत ती स्थगित करावी, अशी विनंती करण्याची वेळ खुद्द दिल्ली सरकारवर आली. त्या गदारोळात चर्चा झाली ती महागड्या, फारशा न वापरलेल्या मोटारींची. परंतु या वादातील खरा पेच ज्या वाहनांमुळे समोर येतो, ती जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह वाहने, म्हणजे जिप्सी आणि महिंद्राची जीप, मात्र कोणाच्या लक्षात आली नाहीत. वास्तविक दुरुस्ती करून वापरत राहण्यासाठीच ज्यांची घडण झाली, अशी आपल्याकडची ही बहुधा अखेरची वाहने आहेत.

१९८५ साली बाजारात आलेल्या मारुती जिप्सीची रचना पाहिली म्हणजे हे ध्यानात येते. शिडीसारखी स्वतंत्र चॅसी, पुढेमागे दोन भक्कम अ‍ॅक्सल, चारही चाकांशी कमानी पाटे आणि गिअरबॉक्सच्या मागे चारही चाकांना शक्ती वाटून देणारा ट्रान्सफर केस. यातला प्रत्येक भाग स्वतंत्रपणे सुटतो आणि बदलता येतो. सुरुवातीचे ९७० सीसीचे इंजिन पुढे १२९८ सीसीचे झाले आणि कार्ब्युरेटरच्या जागी एमपीएफआय प्रणाली आली. ते इंजिन एस्टीम मोटारीच्याच कुळातले असल्याने त्याचे सुटे भाग काश्मिरी गेटच्या गल्ल्यांत वर्षानुवर्षे सहज मिळत आले. जे नवे मिळत नाही, त्यासाठी मायापुरीचा भंगार बाजार आहेच. इंजिन बोअर करून घेणे, नव्या रिंगा टाकणे, क्लच प्लेट बदलणे, प्रोपेलर शाफ्टचे झिजलेले क्रॉस काढून दुसरे बसविणे ही कामे झाली की वीस वर्षांची जिप्सी पुन्हा डोंगर चढू लागते.

अर्थात हे काम वाटते तितके मनमानीचे नाही. डिफरन्शियलमधील क्राउन आणि पिनियन ही दातांची जोडी असते. त्यातला एकच बदलला तर गाडी घोंघावू लागते आणि दुसराही लवकरच जातो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलचे गिअर-गुणोत्तर सारखेच असावे लागते. कोणी मागचा अ‍ॅक्सल दुसऱ्या मॉडेलचा आणून बसविला आणि पुढचा तसाच ठेवला, तर चारही चाकांची जोडणी लावताच दोन्ही टोके एकमेकांशी झगडू लागतात आणि मधला ट्रान्सफर केस फुटतो. करोल बागेतील जाणत्या मिस्त्रीला हे सांगावे लागत नाही. आपल्या धोरणकर्त्यांना मात्र ते सांगण्याची वेळ आली आहे, कारण जुन्या वाहनांबाबतच्या धोरणाचे पुढचे आणि मागचे गुणोत्तर गेली काही वर्षे जुळत नाही.

१८ मार्च २०२१ रोजी नितीन गडकरी यांनी लोकसभेत वाहन मोडीत काढण्याच्या धोरणाविषयी निवेदन केले, तेव्हा त्याचा गाभा होता वाहनाची योग्यता. खासगी गाडी वीस वर्षांची झाली म्हणून आपोआप बाद होणार नव्हती; यांत्रिक चाचणीत नापास झाली तर होणार होती. दिल्लीत मात्र कसोटी निराळीच होती. राष्ट्रीय हरित लवादाने २०१४ आणि २०१५ मध्ये दिलेल्या आदेशांनी पेट्रोल गाडीला पंधरा, तर डिझेल गाडीला दहा वर्षांची मर्यादा घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीच कायम ठेवली. येथे गाडी कशी आहे याला महत्त्व नाही, नोंदणी केव्हाची आहे याला आहे. परिणामी दिल्लीत मृत ठरलेली महिंद्रा जीप ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन नाशिकला नेली की तपासणी आणि पर्यावरण कराची पूर्तता करून पुन्हा कायदेशीर होते. बदली होऊन परतणाऱ्या कित्येक मराठी अधिकाऱ्यांना या चमत्काराचा अनुभव असेल. धूर तोच, रस्ता तेवढा बदलला.

ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केवळ वयाच्या कारणावरून सक्तीची कारवाई करू नये असे सांगितले आणि डिसेंबरमध्ये ते संरक्षण बीएस-४ व त्यापुढील मानकांच्या गाड्यांपुरते मर्यादित केले. वयाकडून उत्सर्जनाकडे झालेली ही वाटचाल योग्यच आहे. हिवाळ्यात दिल्लीत ज्याने श्वास घेतला आहे, तो जुन्या डिझेल जीपच्या काळ्या धुराचे समर्थन करणार नाही. प्रस्तुत लेखकही करणार नाही. परंतु येथेही मोजले जाते ते कागदावरचे मानक. समजा, एखाद्याने कार्ब्युरेटरच्या जिप्सीत त्याच कंपनीचे, तेवढ्याच क्षमतेचे एमपीएफआय इंजिन बसविले आणि धूर कमी केला. तरीही नोंदणीपत्रावरचे उत्पादनवर्ष आणि मानक बदलत नाही. सुधारणा करणारा आणि न करणारा एकाच पंक्तीत बसतात. मग सुधारणेवर खर्च कोण करील?

उलट सुधारणा करणाराच अधिक अडचणीत येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा कठोर अर्थ लावला आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. हरियाणातील मंडी डबवालीसारख्या ठिकाणी भडक टायर आणि मनमानी सांगाडे लावून जीप सजविण्याचा जो धंदा बोकाळला, तो पाहता कायद्याची चिंता अनाठायी म्हणता येत नाही. पण सजावट आणि दुरुस्ती यांतला फरक कायद्याला दिसत नाही. जुनाट ९७० सीसी इंजिन काढून १२९८ सीसीचे बसविणारा आणि छतावर दिव्यांची रांग लावणारा, दोघेही एकाच कलमाखाली येतात.

दार्जिलिंग जिल्ह्यातील मानेभंजंगहून ३६३६ मीटर उंचीच्या संदकफूकडे जाणाऱ्या लँड रोव्हर ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांना हा प्रश्न अधिक नीट समजेल. ब्रिटिशांच्या चहामळ्यांतून आलेल्या या गाड्या दशकानुदशके त्या खडबडीत चढणीवर प्रवासी आणि किराणा वाहून नेत आल्या. त्यांपैकी अनेकांची मूळ इंजिने केव्हाच निकामी झाली. मूळ सुटे भाग मिळण्याची शक्यता नव्हती आणि नवे वाहन परवडणारे नव्हते, म्हणून स्थानिक मिस्त्रींनी त्यांत महिंद्राची डिझेल इंजिने बसविली. ना निर्मात्याचा आराखडा होता, ना कोणाची मान्यता. गाडी चढली की काम बरोबर, हीच तेथली चाचणी. ही पद्धत सर्वत्र लागू करावी असे नाही. पण तिच्यामागचे कौशल्य नोंदणीकृत आणि तपासणीयोग्य करता येते.

सुट्या भागांचा प्रश्नही याला जोडलेला आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो स्वतंत्र मिस्त्रींना अस्सल सुटे भाग आणि तांत्रिक माहिती मिळू न देण्याबद्दल. प्रकरण पुढे अपिलांत आणि न्यायालयांत रेंगाळले. ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ सुरू केले, त्यात वाहन क्षेत्रही आहे. म्हणजे एक मंत्रालय दुरुस्तीचा हक्क सांगते आणि दुसऱ्याचा कायदा दुरुस्त गाडीकडे संशयाने पाहतो.

केंद्र, राज्ये आणि सार्वजनिक उपक्रमांच्या पंधरा वर्षांवरील वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून रद्द ठरली. संरक्षण आणि कायदा-सुव्यवस्थेच्या कामांसाठी वापरली जाणारी विशेष वाहने तेवढी त्यातून वगळण्यात आली. वन खात्याच्या गस्तीच्या जीपने पंधरा वर्षांत किती किलोमीटर कापले, तिचे इंजिन केव्हा बदलले, हे विचारण्याची सोय त्या अधिसूचनेत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी काम केलेल्या अधिकाऱ्यांना याचा अर्थ सांगायला नको. जंगलात नवी गाडी येईपर्यंत गस्त थांबते, आणि नवी गाडी अर्थसंकल्पाच्या वेगानेच येते.

सीएनजी आणि विजेवर चालविण्याच्या मान्यताप्राप्त संचांसाठी याच कलम ५२ मध्ये वाट काढून ठेवलेली आहे. तीच वाट थोडी रुंद करून, ठराविक मॉडेलांसाठी ठराविक, तपासलेली इंजिने बसविण्यास परवानगी द्यावी आणि अशा बदलानंतर चाचणीत सिद्ध झालेले उत्सर्जन नोंदणीपत्रावर चढवावे, एवढीच मागणी आहे. तांत्रिक मापदंड ठरविणाऱ्या संस्था देशात आहेत, स्वयंचलित तपासणी केंद्रेही उभी राहत आहेत. लोकप्रतिनिधींपैकी कोणी हा प्रश्न संसदेत विचारील का, हे पाहायचे. तोवर काश्मिरी गेटच्या गल्लीत ट्रान्सफर केस उघडून बसलेला मिस्त्री आपले काम करीत राहील. मात्र त्या गाडीचा मालक पावती मागणार नाही.